डी अँड डी मधला वाघतोंड्या राक्षस: आहे तसा वापरू की रामायणातला आणू?

फासेवाला
नमस्कार मंडळी. आमचा घरचा ग्रुप आहे, डी अँड डीची (डंजन्स अँड ड्रॅगन्स, फासे टाकून गोष्ट खेळायचा गेम) फिफ्थ एडिशन खेळतो, २०१४ ची पुस्तकं, डीएम, म्हणजे गोष्ट आणि व्हिलन चालवणारा, मी. पार्टी, म्हणजे खेळाडूंची टोळी, नवव्या लेव्हलला आलीय, विझर्ड आणि वॉरलॉक (दोघे जादूवाले), क्लेरिक (पुजारी), रोग (लपूनछपून वार करणारा) आणि एक फायटर. पुढच्या भागात मोठा व्हिलन म्हणून मॉन्स्टर मॅन्युअल या गेमच्या शत्रूंच्या पुस्तकातला राक्षस घ्यायचं डोक्यात आहे, तोच तो, वाघाचं डोकं, उलटे पंजे, अंगावर भारी झगा. आता अडचण अशी की टेबलावरचे सगळे मराठी. रावण, कुंभकर्ण, हिडिंबा, बकासुर हे सगळ्यांना पाठ. मी चित्र दाखवलं की पहिला प्रश्न येणार "हा कुठला राक्षस, हा तर नरसिंहाचा चुलतभाऊ दिसतोय" आणि त्यानंतर सीरियस सीन करायची सोयच उरणार नाही.

दुसरं म्हणजे त्याची लिमिटेड मॅजिक इम्युनिटी. सहाव्या लेव्हलपर्यंतचा कुठलाच स्पेल (जादूचा मंत्र) लागत नाही. आमच्या विझर्डकडे पाचव्या लेव्हलच्या वर काही नाही आणि वॉरलॉकचा एल्ड्रिच ब्लास्ट हा कँट्रिप (सगळ्यात खालचा, शून्य लेव्हलचा स्पेल), म्हणजे तोही गेला. दोघांनी चार तास बसून करायचं काय? इम्युनिटी काढून टाकू का? आणि डोकं वाघाचं ठेवू की बदलू? ज्यांनी चालवलाय त्यांनी सांगा प्लीज.

जुनाट_ग्रिमॉयर
आधी ते डोकं आणि त्याला मारणारा तो क्रॉसबोचा (आडव्या धनुष्याचा) बाण कुठून आला ते बघ म्हणजे काय ठेवायचं काय टाकायचं ते आपोआप कळेल.

गेम आला १९७४ ला. १९७५ च्या शेवटी टीएसआर या गेमच्या प्रकाशक कंपनीच्या 'स्ट्रॅटेजिक रिव्ह्यू' नावाच्या छोट्या मासिकात राक्षस पहिल्यांदा छापला गेला. त्याच्या बरोबर वर्षभर आधी, डिसेंबर १९७४ मध्ये, अमेरिकन टीव्हीवर 'कोलचॅक: द नाइट स्टॉकर' मालिकेचा एक भाग लागला होता. त्यात राक्षस आहे, आणि तो ज्याला खायचंय त्याच्या विश्वासातल्या माणसाचं रूप घेऊन समोर येतो. एक म्हातारा हिंदू शिकारी त्याच्या मागावर आहे, आणि तो मरतो कशाने तर मंतरलेल्या क्रॉसबोच्या बाणाने. आता १९७७ चं पहिलं मॉन्स्टर मॅन्युअल उघड: साधं शस्त्र लागत नाही, प्लस तीनच्या खालचं जादूचं शस्त्र अर्धंच लागतं, आठव्या लेव्हलच्या खालचे स्पेल चालत नाहीत, पण क्लेरिकने ब्लेस केलेला क्रॉसबोचा बाण लागला की खेळ खल्लास. रामायणात क्रॉसबो कुठाय राव!

वाघ लोकांच्या डोक्यात पक्का बसला तो त्याच पुस्तकातल्या डेव्ह ट्रँपियरच्या चित्राने. खुर्चीत रेलून बसलेला वाघतोंड्या, अंगात साहेबी जॅकेट, हातात पाइप. चित्र इतकं झकास आहे की पुढच्या कुठल्याच एडिशनला ते टाकून द्यायची हिंमत झाली नाही. बाणाचं पण तसंच. थर्ड एडिशनच्या ३.५ मध्ये तो 'डॅमेज रिडक्शन १५, गुड आणि पिअर्सिंग' (चांगल्या बाजूचं आणि टोचणारं शस्त्र नसेल तर दर वारातले १५ कमी) असा आला, तुझ्या पुस्तकात 'चांगल्या अलाइनमेंटच्या माणसाच्या हातातल्या जादुई शस्त्राचं पिअर्सिंग डॅमेज दुप्पट' असा आहे (अलाइनमेंट म्हणजे पात्र गुड, ईव्हिल की न्यूट्रल, लॉफुल की केऑटिक ते), आणि २०२५ च्या नव्या मॉन्स्टर मॅन्युअलमध्ये ज्याच्यावर ब्लेस स्पेल आहे त्याच्या हातचं पिअर्सिंग. एका टीव्ही एपिसोडचा बाण पन्नास वर्षं स्टॅटब्लॉकमध्ये (राक्षसाच्या आकड्यांच्या चौकटीत) रुतून बसलाय.

तेव्हा वाघ पवित्र वगैरे काही नाही, बिनधास्त बदल. पण रूप घेऊन येणं मात्र काढू नको, त्या मालिकेतून आलं असलं तरी आपल्याकडचा मारीच तेच करतो.

शार्दूलविक्रीडित
वरच्या प्रतिसादाशी बराचसा सहमत, फक्त वाघाला इतक्यात हाकलू नका. वाल्मीकी रामायणात सुंदरकांडात हनुमान अशोकवनात सीतेभोवती पहारा देणाऱ्या राक्षसिणी बघतो तिथे त्यांच्या तोंडांचं वर्णन आहे: डुकराची, हरणाची, वाघाची, रेड्याची, बकरीची, कोल्हिणीची. म्हणजे वाघतोंडी राक्षसीण आपल्याकडे आहे, पण ती गर्दीतली एक. चूक कुठे आहे तर सगळ्या जातीलाच एक डोकं चिकटवण्यात. फासेवाले, तुमच्या व्हिलनच्या वाड्यातले पहारेकरी असे करा ना, प्रत्येकाचं तोंड वेगळं, आणि मुख्य माणूस मात्र दिसायला एकदम राजबिंडा. त्याच सुंदरकांडात हनुमानाला लंकेतल्या घरांमधून मंत्रपठण ऐकू येतं, स्वाध्याय करत बसलेले राक्षस दिसतात, आणि झोपलेला रावण बघून तर तोही क्षणभर थक्क होतो. तुमच्या खेळाडूंना हसू येणार ते कार्टूनसारख्या वाघाचं. सुसंस्कृत, विद्वान, घरात वेदघोष चालू असलेला आणि तरी माणसं खाणारा यजमान समोर आला तर कोणी हसणार नाही.

दुसरं, आणि माझ्या मते तुमच्या दोन्ही प्रश्नांचं उत्तर इथेच आहे. आपल्या राक्षसांची ताकद बहुतेक वेळा वरदानातून येते आणि वरदानात एक फट असते. रावणाने देव, दानव, यक्ष, नाग सगळ्यांपासून अभय मागून घेतलं आणि माणसं तर गवताच्या काडीसारखी म्हणून सोडून दिली. इंद्रजिताचं तर अजून गेमला सोयीचं: निकुंभिलेचा होम पुरा झाला की तो जिंकता येत नाही, पण होम पुरा व्हायच्या आत जो गाठेल त्याच्या हातून मरण. ही बातमी फोडली कोणी तर घरच्याच बिभीषणाने, आणि लक्ष्मण तिथे जाऊन धडकला. आता तुमचा स्टॅटब्लॉक परत वाचा. 'सहाव्या लेव्हलपर्यंतचे स्पेल लागणार नाहीत, साधं शस्त्र लागणार नाही, फक्त अमुक प्रकारचा बाण लागेल.' हे वरदानच आहे हो, आतली रचना सेम टू सेम. त्या अमेरिकन लेखकांना माहीत असो नसो.

म्हणून इम्युनिटी काढू नका, तिला गोष्ट द्या. कोणाकडून मिळवली, काय मागितलं, मागताना कोणाला क्षुल्लक समजून वगळलं. फट बदला. क्रॉसबोचा बाण तुमच्या कथेत काही सांगत नसेल तर तो टाका आणि त्या राक्षसाच्या गर्वातून निघणारी फट ठेवा.

नॅचरल_वन
ही वरदानाची आयडिया चोरतोय मी, लै भारी.

पण रूल्सचं कोणीच बोललं नाही म्हणून लिहितो. भावा, विझर्ड बोअर होईल ही तुझी भीती रास्त आहे पण ती फाइटपुरतीच बघतोयस. राक्षसाची खरी मजा फाइटच्या आधी आहे. त्या इम्युनिटीत नीट वाच, स्पेल त्याला 'लागत नाही' एवढंच नाही, स्पेलने तो 'कळतही नाही'. म्हणजे क्लेरिकने डिटेक्ट इव्हिल अँड गुड टाकला तरी काही नाही, झोन ऑफ ट्रुथमध्ये तो आरामात बसून खोटं बोलणार, विझर्डच्या डिटेक्ट थॉट्सला तो वाटलं तर दाद देईल नाहीतर नाही. पॅलाडिन (देवाचा योद्धा) असता तर डिव्हाइन सेन्सने वास लागला असता, कारण तो स्पेल नाही, पण तुमच्याकडे पॅलाडिन नाही, म्हणजे डीएमला मोकळं रान.

आणि तरीही तो पकडला जाऊ शकतो, जादूने नाही, डोळे उघडे ठेवून. तो वापरतो डिसगाइज सेल्फ, पाहिजे तितक्या वेळा, पण तो नुसता भास असतो, आणि टिकतो एक तास. मटेरियल लागत नाही पण तोंडाने पुटपुटणं आणि हातवारे लागतातच. म्हणजे लांबलेल्या मेजवानीत यजमान दर तासाला काहीतरी निमित्त काढून उठणार. आणि ते उलटे पंजे! भासात हात सरळ दिसतो पण स्पर्शाला भास नाही. त्यामुळे हा माणूस कोणाचा हात हातात घेत नाही, सौद्याची थैली हातोहात न देता टेबलावर ठेवायला लावतो, कागद मेज हँडने (जादूच्या तरंगत्या हाताने) सरकवतो आणि वर "सवय हो, आळशी झालोय" म्हणून हसतो. पेला उचलायची वेळ आलीच तर मनगट बाहेरून असं फिरवतो जसं मुरगळलंय. हे तू पहिल्या भेटीत सहज म्हणून सांगून टाकायचं, जोर न देता. रोगवाला खेळाडू जागा असेल तर तिसऱ्या भेटीपर्यंत त्याच्या डोक्यात किडा वळवळायला लागतो.

अजून एक. त्याच्याकडे डिटेक्ट थॉट्स पण अमर्याद आहे, वरवरचे विचार वाचायला सेव्हिंग थ्रो (बचावाचा फासा) सुद्धा नाही. त्याच्यासमोर बसून खेळाडू जे आपसात कुजबुजतील ते त्याला कळलं असं धर. दोन सीननंतर त्याने त्यांचंच वाक्य त्यांना ऐकवलं की टेबल गार.

फासेवाला
अरे वा, हे तासातासाला उठून जाणं डोक्यात आलंच नव्हतं, घेतो. वरदान पण घेतो. पण शेवटी मारामारी तर होणारच ना, आणि सीआर (शत्रू किती भारी त्याचा आकडा) १३ आहे, पार्टी नवव्या लेव्हलची. पंज्याचा शाप बघितलात का, लागला की शॉर्ट रेस्ट लाँग रेस्ट कशाचाच फायदा नाही, रिमूव्ह कर्स होईपर्यंत. मला टीपीके (सगळी पार्टी खलास) नको आहे.

नॅचरल_वन
उलट मला भीती आहे की तो फारच पटकन मरेल. हिशोब कर. राक्षसाचे एचपी (जीवाचे पॉइंट) सरासरी ११०, एसी (वार लागायला गाठायचा आकडा) १६ फक्त. विझर्डने रोगच्या रेपियरवर मॅजिक वेपन टाकला, हा स्पेल शस्त्रावर पडतो राक्षसावर नाही, त्यामुळे चालतो (काही डीएम वाद घालतात, मी चालवतो). नवव्या लेव्हलचा रोग, स्नीक अटॅक ५डी६ (सहा बाजूंचे पाच फासे), रेपियर १डी८, डेक्सचे (चपळाईचे) ५, वर प्लस १. सरासरी २८. रोग चांगल्या अलाइनमेंटचा असेल तर हे सगळं पिअर्सिंग, सगळं दुप्पट, ५६. दोन वारात ११२. संपला तुझा व्हिलन, आणि हे विझर्डमुळे झालं, म्हणजे विझर्डपण खुश.

बाकी कास्टर लोकांना एकच मंत्र दे, राक्षसावर टाकू नका, आपल्यांवर टाका. फायटरवर हेस्ट, रोगवर ग्रेटर इन्व्हिजिबिलिटी (त्याच्याकडे दिवसातून एकदा ट्रू सीइंग (अदृश्य असलेलंही दिसणं) आहे ते लक्षात ठेव). वॉरलॉकने एल्ड्रिच ब्लास्ट पहारेकऱ्यांवर सोडावा, ती डुकरतोंडी मंडळी आहेतच.

शापाचं म्हणशील तर क्लेरिक आहे ना, रिमूव्ह कर्स तिसऱ्या लेव्हलचा, आणि तो टाकायचा आपल्या माणसावर त्यामुळे इम्युनिटीचा संबंध नाही. फक्त त्या दिवशी क्लेरिकने तो प्रिपेअर केलेला नसावा अशी देवाकडे प्रार्थना कर 😄

मंदोदरीची_मैत्रीण
सगळं वाचलं, भारी चाललंय, पण मला एक गोष्ट खटकते ती कोणीच काढली नाही. पुस्तकात राक्षस म्हणजे फीन्ड, लॉफुल ईव्हिल, नाइन हेल्समधून आलेला, मेला तरी तिकडे परत तयार होतो आणि बदला घ्यायला येतो. म्हणजे जन्मजात सैतान. आपल्याकडे राक्षस असे नसतात हो. रावण पुलस्त्य ऋषींचा नातू. बिभीषण राक्षसच. त्रिजटा राक्षसीण, ती बाकीच्यांना दटावून सीतेची बाजू घेते. हिडिंबा भीमाची बायको, आणि घटोत्कच तर वनवासात द्रौपदीला खांद्यावर घेऊन डोंगर चढला, नंतर काकालोकांसाठी लढून मेला. त्यांना सरसकट 'ईव्हिल' असा शिक्का मारून दहा मिनिटांत मारायचं, मला नाही पटत. निदान एक तरी राक्षस दुसऱ्या बाजूचा दाखवा.

जुनाट_ग्रिमॉयर
ताई, मुद्दा मान्य, पण गेमला मारायला कोणीतरी लागतं आणि फीन्ड केल्यामुळे निदान खेळाडूंना टोचणी लागत नाही. त्यातही सगळ्यांनी एकच केलं असं नाही. एबेरॉन नावाची सेटिंग (गेमसाठी तयार केलेलं एक जग) आली २००४ ला, तिथे राक्षस हे जगाच्या सुरुवातीपासूनचे कारस्थानी आहेत, पडद्याआडून राज्यं हलवणारे. वाईटच आहेत पण निदान मोठे आहेत, गुहेत बसून वाट बघणारे नाहीत.

मंदोदरीची_मैत्रीण
मोठे वाईट आणि छोटे वाईट, शेवटी वाईटच ना. माझा मुद्दा निवडीचा आहे. बिभीषणाला निवड होती म्हणून तो लक्षात राहतो. स्टॅटब्लॉकमधल्याला निवडच नाही.

शार्दूलविक्रीडित
दोघांचं भांडण मिटवत नाही, पण फासेवाल्यांना हे उपयोगाचं आहे. फट सांगणारा कोणीतरी लागणारच ना? वरदानात नक्की काय म्हटलं होतं ते पार्टीला कसं कळणार? जुनी पोथी सापडली, ग्रंथालयात रोल केला, हे नेहमीचं आणि कंटाळवाणं. त्यापेक्षा राक्षसाच्याच घरातलं कोणीतरी सांगू दे. धाकटी बहीण करा, भाऊ केला तर पाचही खेळाडू एका सेकंदात 'बिभीषण' म्हणून ओरडतील. आणि तिला फुकट सांगायला लावू नका. तिला भाऊ मरायला नको असेल, फक्त थांबायला हवा असेल. मग तुमच्या पार्टीला ठरवावं लागेल की तिला दिलेला शब्द पाळायचा की नाही.

घटोत्कचाचं नाव निघालं म्हणून अजून एक चाल सांगतो, ही मला डीएम म्हणून फार आवडते. कर्णाकडे इंद्राची वासवी शक्ती होती, एकदाच वापरता येणारी, अर्जुनासाठी राखून ठेवलेली. चौदाव्या दिवसाच्या रात्री घटोत्कचाने कौरवांची इतकी दाणादाण उडवली की कर्णाला ती त्याच्यावर टाकावी लागली. पडतापडताही त्याने देह प्रचंड वाढवला आणि कौरवांची एक अक्षौहिणी सेना त्याच्याखाली चिरडली. तुमच्या पार्टीकडे अशी एकदाच वापरायची काही वस्तू आहे का, जपून ठेवलेली, शेवटच्या बॉससाठी? मग व्हिलनच्या आधी रात्रीच्या वेळी एक असा गडी पाठवा की ती वस्तू वापरल्याशिवाय सुटकाच नाही. रात्रीच, कारण रात्री राक्षसांचं बळ वाढतं. आणि पडला की पडायची जागा नकाशावर आधी आखून ठेवा, त्या चौकोनांत जो असेल त्याने डेक्स सेव्ह मारायचा.

फासेवाला
आहे! फायटरकडे एकच बाण आहे, ॲरो ऑफ स्लेइंग, फीन्डवाला, गेल्या भागातल्या खजिन्यात निघालेला, आणि तो रोज सगळ्यांना आठवण करून देतो की हा मी मोठ्यासाठी ठेवलाय. काका तुम्ही फार दुष्ट आहात 😂

बरं मग ठरलं ते असं. यजमान एका बंदराचा सावकार, वाघाचं डोकं त्याचं नाहीच, खरं रूप आलंच तर देखणं आणि जरा जास्तच उंच, पंजे उलटे ठेवतोय कारण ते क्लू म्हणून फार कामाचे आहेत, आणि नाहीतरी हडळीचे पाय उलटे हे सगळ्यांना माहितीय त्यामुळे कळलं की अंगावर काटा येईल, हसू नाही. पहारेकरी वेगवेगळ्या तोंडांचे, त्यात एक वाघतोंड्या, पुस्तकाला सलाम म्हणून. बहीण आहे. रात्रीचा गडी आहे. वरदानाची फट अजून ठरत नाहीये. पुस्तकातली ठेवली तर रोगचं गणित वर दिलंय तसं होणार, पण आमचा रोग केऑटिक न्यूट्रल, फायटर ट्रू न्यूट्रल. गुड म्हणून कागदावर लिहिलेलं आहे फक्त क्लेरिकच्या, आणि त्याच्या हातात मेस (गदा).

नॅचरल_वन
मेस म्हणजे ब्लजनिंग (ठेचणारं, टोचणारं नाही), उपयोग शून्य. पण क्लेरिकला सगळी सिंपल वेपन्स येतात आणि लाइट क्रॉसबो सिंपल आहे. विझर्डचा मॅजिक वेपन त्याच्यावर.

जुनाट_ग्रिमॉयर
म्हणजे क्लेरिक, क्रॉसबो आणि मंतरलेला बाण. १९७७ चंच झालं की रे हे!

शार्दूलविक्रीडित
होऊ दे, पण मग वरदानात लिहा: "राजे, योद्धे, जादूगार यांच्याकडून मरण नको." पुजाऱ्याला तो मोजतच नाही, देवळातला दक्षिणेवर जगणारा प्राणी. पहिल्या भेटीत यजमानाने सगळ्यांशी अदबीने बोलावं आणि क्लेरिककडे ढुंकूनही बघू नये, त्याला बसायला खुर्चीसुद्धा सांगू नये.

फासेवाला
क्लेरिक खेळतो तो पोरगा आधीच तक्रार करतो की एनपीसी (डीएमने चालवलेली पात्रं) त्याच्याशी बोलत नाहीत, त्यामुळे त्याला यात काही वेगळं वाटणारच नाही. परफेक्ट. बहिणीसाठी स्टॅटब्लॉक कोणी बनवलाय का, सीआर ५-६ च्या आसपास, स्पेल कमी आणि बोलण्यात तरबेज?

मंदोदरीची_मैत्रीण
माझ्याकडे आहे, संध्याकाळी टाइप करून टाकते. अलाइनमेंटचा रकाना रिकामा ठेवलाय, तू भरू नकोस.